काडीनं घेतलेलं पायाचं माप

औशाच्या रस्त्याला करडई फुलली आहे. आता फारसं कोणी पेरत नाही. सोयाबीन निघालं की लोक हरभरा टाकून मोकळे होतात. तरी औशाच्या अलीकडे, डाव्या हाताला, एक हट्टी माणूस दर वर्षी चार तासं, चार ओळी, करडईची घालतोच. सकाळी लातूरहून सायकलवर निघावं, नाकाचा शेंडा गार पडलेला असावा, हातमोज्यातली बोटं आखडलेली असावीत आणि नेमकं उजाडताना ते पिवळं रान दिसावं. मी थांबते. टाच बाहेर फिरवून बूट पेडलमधून सोडवते, खट् असा आवाज होतो, पाय जमिनीला टेकतो. मग बुटातल्या बुटात पाचही बोटं हलवून बघते. अंगठ्यापासून करंगळीपर्यंत हजेरी घेते. बत्तीस वर्षं ज्युनियर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, हजेरीची खोड काही जात नाही. सगळी हजर असली की पुढं निघते.

ही खोड चार वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यातली. त्या हिवाळ्यात माझ्या उजव्या पायाची तीन बोटं रोज पंचविसाव्या किलोमीटरच्या आसपास गैरहजर व्हायची. आधी तळव्याच्या पुढच्या भागात आग, मग मुंग्या, मग काहीच नाही. हे 'काहीच नाही' वाईट. पाय आहे, फिरतोय, पण आपला नाही. घरी येऊन बूट काढले की पाऊण तासानं बोटं परत यायची आणि मी स्वयंपाकघरात उभी राहून चहाच्या कपाआड हसून घ्यायची. नवऱ्याला सांगितलं नाही. आईला तर नाहीच नाही.

कारण आमच्या घरात पाय बधिर होणं म्हणजे काय, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबा आरोग्य खात्यात मलेरियाचे कर्मचारी होते. हिमायतनगरच्या भोवतालची पंधरा-सोळा गावं त्यांच्याकडं. खांद्याला खाकी पिशवी, पिशवीत काचपट्ट्यांची डबी, स्पिरिटचा बोळा, सुया आणि कडू गोळ्या. बुडाखाली काळी बावीस इंची सायकल. ताप आलेल्या माणसाचं बोट धरायचं, सुई टोचायची, रक्ताचा थेंब काचेवर घ्यायचा आणि घराच्या भिंतीवर आपण येऊन गेल्याची तारीख लिहायची. पोरं त्यांना बघून कणगीमागं लपायची. बाबा हसत हसत बोट पकडायचे, गप्पा मारता मारता टोचायचे आणि लगेच म्हणायचे, "झालं. एवढंच व्हतं." सुट्टीत मी कधीकधी सायकलच्या दांडीवर बसून त्यांच्यासोबत जायची. सगळ्या गावाला भिववणारा माणूस आपला बाप आहे याचा मला लई तोरा होता.

ज्या घरात कोणी आमच्या हातचं पाणी घेत नसे, त्या घरची माणसंसुद्धा तापात बाबांच्या हातात बोट द्यायची. बाबा त्याबद्दल एकदाच बोलले. म्हणाले, "काचेवर समद्याचं रक्त सारखंच पसरतंय इशे." माझं नाव विशाखा, बाबांच्या तोंडी इशा. मी पुढं जीवशास्त्र घेतलं ते त्या काचपट्ट्यांमुळंच.

निवृत्तीनंतर बाबांना साखर निघाली. नांदेडच्या घरात एकदा आई फडा मारत होती आणि फरशीवर तिला रक्ताचे ठिपके दिसले. ठिपके थेट बाबांच्या खुर्चीपर्यंत. बाबा पेपर वाचत बसलेले. तळव्यात बाभळीचा काटा, निदान दोन दिवसांचा, आणि त्यांना पत्ता नाही. डॉक्टरांनी त्यांना आडवं केलं, म्हणाले, "डोळे मिटा. टोचलं की सांगा." मी शेजारी उभी होते. डॉक्टर सुई टेकवायचे, बाबा म्हणायचे, "टोचलं." परत टेकवायचे, "टोचलं." मला हायसं वाटलं. मग डॉक्टरांनी हात मागं घेतला, सुई कुठंच टेकवली नाही, नुसतं थांबले. खोलीत शांतता. आणि बाबा म्हणाले, "टोचलं."

जन्मभर लोकांना सुया टोचलेल्या माणसाला दोन टोचण्यांमधलं अंतर अंदाजानं कळत होतं, एवढंच. पुढं त्यांचा अंगठा काढावा लागला. सायकल कायमची भिंतीला लागली. मला आजही त्यांच्या जाण्यापेक्षा ते 'टोचलं' जास्त आठवतं, आणि आठवलं की रडू येतं.

तर अशा बापाच्या पोरीनं पन्नाशीच्या तोंडावर सायकल घेतली, ती साखर टाळायला. लातूरच्या सायकलवाल्या मंडळींत गेले, पहिल्या वर्षी साध्या पेडलवर औसा गाठलं, आणि मग मला क्लिपलेस पेडलचं वेड लागलं. नाव क्लिपलेस आणि काम नेमकं अडकवून ठेवण्याचं. पूर्वी शर्यतवाले पायापुढं क्लिप नावाचा लोखंडी पिंजरा लावत, तो गेला म्हणून हे नाव, असं म्हणतात. बुटाच्या तळाला क्लीट नावाचा तुकडा स्क्रूनं बसवतात. तो पेडलवर दाबला की अडकतो, टाच बाहेर वळवली की सुटतो. पाय घसरत नाही, चढाला जोर वाया जात नाही. गटातल्या जवान मंडळींनी सांगितलं, तीन स्क्रूवालं घ्या मॅडम, खरे रायडर तेच वापरतात. मला खरी रायडर व्हायचं होतं. घेतलं.

त्या पेडलचा क्लीट बुटाच्या बाहेर चांगला दोन बोटं आलेला. सायकलवर राणी, खाली उतरलं की बदक. औशाला चहाच्या हॉटेलात ओल्या फरशीवरून मी चालू लागले की हॉटेलवाला हातातला कप ठेवून बघत बसायचा. आणि एकदा पुढ्यात शेळ्या आल्या. सायकल थांबवली, पाय सोडवायचा असतो हेच विसरले, आणि उभ्या जागी, अगदी सावकाश, डाव्या अंगावर आडवी झाले. शेळ्यांमागची म्हातारी जवळ आली, माझ्याकडं वाकून बघितलं आणि कळवळून म्हणाली, "अगं बाई, पाय टेकायचा की!"

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण तीन बोटं बधिर व्हायला लागली ती ह्याच बुटांत.

गंजगोलाईच्या मागच्या गल्लीत मकबूलभाईंचं सायकलचं दुकान आहे. साठीचा माणूस, वडिलांपासूनचा धंदा. ज्या दुकानात एकेकाळी पंक्चरच्या रांगा लागायच्या तिथं ते आता चष्मा कपाळावर चढवून महागड्या सायकलींचे गिअर लावत बसतात. मी त्यांच्याकडं गेले आणि म्हटलं, पेडल बदलायचंय. कारण सांगितलं, चालता येत नाही. त्यांनी दोन स्क्रूवालं बसवून दिलं. त्याचा क्लीट बुटाच्या तळात बुडालेला असतो, माणसासारखं चालता येतं. त्यासाठी बूटही नवे मागवले, पुण्याहून. बोटं तरी बधिरच. पंधरा दिवसांनी परत गेले. म्हटलं, ज्यात पाऊल जरा डावं-उजवं हलायला मोकळीक असते, तसलं पेडल बघा. तेही झालं. गुडघ्याला बरं वाटलं, बोटांना काही फरक नाही. मधल्या काळात मोजे पातळ केले, सीट वर केली, खाली केली, थांबून थांबून पाय झटकले. एक गोष्ट केली नाही. रक्त तपासलं नाही. घरापासून चालत पाच मिनिटांवर लॅब होती. दर वर्षी मुलांना रक्तगट शिकवायचा म्हणून माझं स्वतःचं बोट मी वर्गासमोर टोचत आले होते. त्या हिवाळ्यात मात्र लॅबच्या पाटीकडं न बघता पलीकडच्या फुटपाथनं जायची.

जानेवारीच्या शेवटी आमच्या गटाचं नांदेडहून माहूरला सायकलवर जायचं ठरत होतं. मला माहूरचं एवढं नव्हतं. वाटेत हिमायतनगर होतं. बाबांच्या गावांच्या रस्त्यानं एकदा स्वतःच्या पायानं जावं, हे मी किती वर्षं मनात धरून होते. पाय हातचे जायच्या आत, असं स्वतःशी म्हणायची आणि मग स्वतःवरच चिडायची.

तिसऱ्या वेळी दुकानात गेले तेव्हा मकबूलभाईंनी पाना खाली ठेवला. "बसा मॅडम. चाय मागवतो. आता सांगा, पेडलं का बदलून राहिल्या?"

"पटत नाहीत."

"पेडल बायकोवानी हाय का, पटायला? खरं सांगा."

आणि मी सांगितलं. तीन बोटं, पंचविसावा किलोमीटर, बाबांचा अंगठा, फरशीवरचे ठिपके, सगळं. तीन महिने कोणाशी न बोललेलं एका पंक्चर काढणाऱ्या माणसाजवळ बोलून गेले. चहा संपल्यावर ते म्हणाले, "बूट द्या इकडं."

बुटाच्या आतली पातळ गादी त्यांनी ओढून काढली आणि जमिनीवर पेपर टाकून त्यावर ठेवली. "हिच्यावर उभ्या ऱ्हावा. मोजे काढून." मी उभी राहिले. टाच बरोबर, बोटांची टोकं बरोबर. पण पुढं, बोटांच्या मुळाशी, माझं पाऊल दोन्ही बाजूंनी त्या गादीच्या बाहेर आलेलं. इतके दिवस एवढा पाय मी एवढ्या जागेत कोंबत होते.

"माप कुनी घेतलं व्हतं?"

"मीच. काडीनं."

"काडीनं?" त्यांनी विचारलं. मग मला सांगणं भाग पडलं. आमच्याकडं पायाचं माप फड्याच्या काडीनंच घ्यायचे. जूनमध्ये शाळेच्या आधी बाबा आम्हा तिघा भावंडांना भिंतीला टाच लावून उभं करायचे, फड्यातली काडी पायाजवळ धरायची, अंगठ्यापाशी कट्कन मोडायची. तीन काड्या, ओळखू यावं म्हणून माझ्या काडीला लाल दोरा. त्या काड्या खाकी पिशवीत, काचपट्ट्यांच्या शेजारी. बाजाराच्या दिवशी बाबा दुकानदाराच्या पुढ्यात काड्या ठेवायचे आणि तीन जोड घेऊन यायचे. काडीपेक्षा एक बोट मोठे, म्हणजे दोन वर्षं जातील. पुढं कापूस कोंबायचा. बूट लांबीला नेहमी बरोबर यायचे आणि बाजूंनी नेहमी चावायचे. रडलं की आई म्हणायची, "नवा बूट चावतोच, तेल लाव." आम्ही तेल लावायचो. बूट चावतोच, हे आम्ही दोन अधिक दोन चार इतक्या खात्रीनं शिकलो. पुण्याच्या दुकानानं पायाची लांबी मिलिमीटरमध्ये विचारली तेव्हा मी, जीवशास्त्राची अनुभवी प्राध्यापिका, सकाळी उठून भिंतीला टाच लावून उभी राहिले, फड्याची काडी मोडली आणि पट्टीवर धरली.

मकबूलभाईंनी सगळं ऐकलं. हसले नाहीत. म्हणाले, "मॅडम, काडीला रुंदी ऱ्हाते का?"

मी खाली बसून मोजे चढवायला लागले.

"शाम को या. सकाळचा पाय खोटा बोलतो. दिवसभर उभं ऱ्हाऊन फुगला की मग खरं माप." आणि मी उठले तेव्हा मागून म्हणाले, "आणखी एक. बुटाचं मी सांगतो. आतल्या रगाचं, नसांचं मला न्हाई कळत. मला बी शुगर हाय, दर महिन्याला बोट टोचतो. मलेरियावाल्याची पोरगी हाव तुमी. रक्त द्यायला भेता?"

भीत होते. त्यात लपवायचं काय. दुसऱ्या दिवशी उपाशी पोटी लॅबमध्ये गेले. सुई आत गेली तेव्हा तोंडातून आपोआप निघालं, "झालं. एवढंच व्हतं." सुई धरणारी मुलगी म्हणाली, "अजून एक ट्यूब आहे मॅडम."

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन डॉक्टरीणबाईंकडं. त्यांनी तो वाचला आणि म्हणाल्या, साखर काठावर आहे, पण अलीकडच्या काठावर. मग मला आडवं केलं. "डोळे मिटा. टोचलं की सांगा."

तेच शब्द. तळव्याला काहीतरी टेकलं. "टोचलं." परत. "टोचलं." अंगठ्याशी. "टोचलं." आणि मग काहीच नाही. मी गप्प राहिले. शांतता वाढत गेली. बोलावं का? मला लागत नाहीये, की टोचतच नाहीयेत? बाबा त्या शांततेत काय ऐकत पडले असतील, हे मला त्या क्षणी कळलं. त्यांना डॉक्टरला फसवायचं नव्हतं. शेजारी उभ्या असलेल्या पोरीला घाबरवायचं नव्हतं. मी डोळे न उघडता विचारलं, "आत्ता... खरंच टोचलं नाही ना तुम्ही?"

"नाही. म्हणून तर थांबले," त्या म्हणाल्या. "पाय चांगला आहे तुमचा. बूट दाबतोय नस. मोठ्या पंजाचे बूट घ्या." मग त्यांनी बघितलं तर मी रडत होते. बिचाऱ्या दोनदा म्हणाल्या, फार जोरात लागलं का?

मकबूलभाईंनी दुसऱ्या संध्याकाळी पेपरवर माझी दोन्ही पावलं पेन्सिलीनं आखली. उजवा पाय डाव्याहून रुंद निघाला. पन्नास वर्षं सोबत राहून मला माहीत नव्हतं. बायकांच्या बुटांत तेवढा पंजा मिळेना, शेवटी पुरुषांचे घेतले. पेडल तेच ठेवलं, दोन स्क्रूचं, मोकळीक असलेलं. "चौथं घ्यायला लागू नका आता," असा दम मिळाला. मग त्यांनी क्लीट ढिला केला आणि टाचेच्या दिशेनं सरकवायला लागले. मी म्हटलं, अहो, गटातले सगळे तर पुढं लावतात. ते म्हणाले, "त्यांना शर्यत जिंकायचीय. तुमाला बोटं पायजेत. दाब जरा मागं घेतला की बोटांवरचा भार हलका." आणखी मागं, आणखी मागं. खाच संपली तिथं त्यांनी स्क्रू आवळला.

बूट उलटा हातात घेतला आणि मी बघतच राहिले. बाबांची चप्पल आठवली. त्यांच्या सायकलच्या पेडलचे रबर केव्हाच झिजून गेलेले, नुसती लोखंडी सळई उरलेली. ती सळई रोज दाबून त्यांच्या दोन्ही चपलांना तळाला एक आडवी खाच पडायची, पुढं नाही, पावलाच्या जवळजवळ मधोमध. नवी चप्पल आणली तरी महिन्याभरात खाच तिथंच. लहानपणी मी त्या खाचेत बोट घालून खेळायची. मकबूलभाईंनी माझा क्लीट त्या खाचेच्या वाटेला नेऊन ठेवला होता.

जानेवारीच्या शेवटच्या रविवारी नांदेडला आईच्या घरून निघाले. आईनं धपाटी बांधून दिली आणि बूट बघून म्हणाली, "गड्याचे बूट घातलीस?" मग माझ्या पावलाकडं नीट बघून, "बाबाचा पाय हाय तुझा. रुंद." हे तिला नेहमीच माहीत होतं. कोणी विचारलं नव्हतं.

भोकरच्या अलीकडे पंचविसावा किलोमीटर गेला. मी हजेरी घेतली. सगळी हजर. पन्नासला घेतली, हजर. गार वारा, कापसाच्या पळाट्या, रस्त्याकडेला शेकोट्यांची राख. गट पुढं निघून गेला, मला घाई नव्हती. हिमायतनगर जवळ आल्यावर रस्त्याला लागून करडईचं रान दिसलं, पिवळं, मधेमधे केशरी झालेलं. बाबा सांगायचे, या दिवसांत रुग्णाच्या घरी जाताना करडईला वळसा घालून जावं लागतं, पायाला फडकी गुंडाळल्याबिगर कोणी आत शिरत नाही. ते स्वतः मात्र घाईच्या वेळी मधूनच जायचे आणि घरी येऊन आईकडून पिंडरीतले काटे काढून घ्यायचे. तेव्हा त्यांना लागायचं. ओरडायचे चांगले.

मी सायकल लिंबाला टेकवली. बूट काढले, मोजे काढले, पाय मोकळे करावेत म्हणून. अनवाणी धुऱ्यावर, रानाच्या बांधावर गेले. माती गार होती. जरा पुढं वाकून एक फूल बघायला पाय टाकला, तिथं करडईची एक वाळकी फांदी पडलेली होती.

उजवा पाय. नेमकी तीच बोटं.

दूर रानात एक माणूस पाठमोरा काम करत होता. विचारणारं कोणी नव्हतं, डोळे मिटायला सांगणारं कोणी नव्हतं. तरी मी उभ्या जागी डोळे मिटले आणि मोठ्यानं म्हणाले, "टोचलं, बाबा. टोचलं."